सदर महिला

माझ्या रुखवतात कॉम्प्युटर होता. एका बाजूला कुरड्या, सरगुंडे, लोकरीचं तोरण, दुसऱ्या बाजूला स्टीलची भांडी, आणि मधोमध टेबलावर दुधी रंगाची कॅबिनेट, मॉनिटर आणि मराठी अक्षरांचे स्टिकर लावलेला कीबोर्ड. वडील एस.टी.त कंडक्टर होते. माहेरी, नेरला, मी मराठी टायपिंगची परीक्षा पास झाले, त्याच दिवशी त्यांनी ठरवलं होतं की पोरीला फ्रीज द्यायचा नाही, कॉम्प्युटर द्यायचा. मांडवात आलेल्या बायका कीबोर्डावर बोट फिरवून पाहत होत्या. एका म्हातारीने तर त्यालाही हळदीकुंकू लावलं. ते कुंकू 'क' च्या बटणाखाली बरीच वर्षं होतं.

सासर बाभुळगावच्या अलीकडे. कापूस, सोयाबीन, तुरीचं घर. एकाच घराचे मधे भिंत घालून दोन भाग केलेले. एकात आम्ही, दुसऱ्यात भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ, त्यांची बायको आणि मुलगी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत भासऱ्यांनी तालुक्याला बसस्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास उघडला आणि माझा कॉम्प्युटर नेला. "चार दिवसांसाठी नेतो, नवीन मशिनी आल्या का वापस आणून देतो," असं ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. मला विचारलं नाही. मी चुलीजवळच उभी होते.

ते चार दिवस आठ वर्षं चालले. मधल्या काळात मी दोनदा मागितला. एकदा घरी, तेव्हा उत्तरच मिळालं नाही. एकदा थेट क्लासात जाऊन, पंधरा-वीस पोरापोरींसमोर. "दादा, माझा कॉम्प्युटर देता का? मले घरी टायपिंगचं काम भेटून राह्यलं," एवढंच म्हणाले होते. ते हसले आणि पोरांकडे पाहून म्हणाले, "पाहा, मालकीणबाई आल्या." पोरं हसली. मी परतीच्या ऑटोत बसून राहिले, पण रडले नाही. त्यांच्या कानाचा रंग बदललेला मी पाहिला होता. मी त्यांच्या वर्मी बोलले होते, आणि ते मला तेव्हा बरं वाटलं होतं.

त्यानंतर महिनाभराने गावच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघाली. मी अर्ज केला. यादी लागली तेव्हा पहिलं नाव माझं होतं. वडिलांनी फोनवर दोनदा विचारलं, पहिलंच ना? आठवडाभरात माझ्याविरुद्ध निनावी अर्ज गेला. ही बाई गावात राहत नाही, हिचे कागद खोटे आहेत, असा. चौकशी बसली. मी कागद घेऊन चकरा मारल्या. रेशन कार्ड, मतदार यादी, टायपिंगचं सर्टिफिकेट, सगळं दाखवलं. कोणी नाही म्हणालं नाही आणि कोणी हो म्हणालं नाही. मुदत निघून गेली आणि जागा यादीतल्या दुसऱ्या नावाला मिळाली.

दुसरं नाव आमच्याच गल्लीतल्या बाईचं होतं. चार घरं सोडून राहते. आम्ही दोघी एकत्र पाण्याला जायचो, एकमेकींच्या घरी लोणचं घालायला बसायचो. अर्ज तिनेच केला असणार, यात मला तीळभर शंका नव्हती. फायदा तिचाच झाला होता ना. मी तिच्याशी बोलणं सोडलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलावलं नाही आणि ज्या घरी ती येणार तिथे मी गेले नाही. तिचे वडील वारले तेव्हा सगळी गल्ली बसायला गेली, मी गेले नाही. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. तिला मी अंगणवाडीत पाठवलंच नाही. बाकीची लेकरं ओळीने गाणी म्हणत जायची आणि माझी पोर दारात उभी राहून पाहायची. "मी काहून नाई जायचं?" ती विचारायची. मी तिला आत ओढून दार लावून घ्यायची. हे मी अभिमानाने केलं. मला वाटायचं, मी त्या बाईला शिक्षा देते आहे.

कॉम्प्युटर परत आला तो सरकीच्या पोत्यात. क्लास बंद पडला होता आणि भासऱ्यांनी त्याच जागेत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं होतं. पोतं त्यांनी आमच्या अंगणात आपटलं. "घ्या, तुमची अमानत. चालू होत नाही. भंगारवाला आला का देऊन टाकजा." मी ते उचलून कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, बैलांच्या कडब्यावरच्या फळीवर ठेवलं. भंगारवाला दर पंधरा दिवसांनी गल्लीत ओरडत यायचा. मी त्याला कधी हाक मारली नाही. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

मागच्या दिवाळीच्या आधी मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता. गावातून जवळचं दुकान भासऱ्यांचंच. त्यांनी मला सकाळपासून बाकड्यावर बसवून ठेवलं. माझ्यामागून आलेल्यांचे फॉर्म झाले. दुपारी माझा नंबर आला. ते दोन बोटांनी टाइप करत होते आणि मी मागून पडद्यावर पाहत होते.

"दादा, जन्मतारीख चुकली. महिना आन् दिवस उलटे पडले."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "तू मले शिकवून राह्यली का? इथं डोकं लागते, बाई. रुखवतात कॉम्प्युटर ठेवल्यानं कॉम्प्युटर येत नसते."

दुकानात सात-आठ माणसं होती. सगळे हसले. ओळखीचे, अनोळखी, सगळे. त्यांनी बटण दाबलं आणि फॉर्म गेला. दीड महिन्याने तो नामंजूर होऊन आला. कारण एकच: जन्मतारीख जुळत नाही.

त्या दिवशी दुपारी मी कोठ्यातून पोतं खाली काढलं.

हे शिकायचं म्हणून केलं, मुलीसाठी केलं, असं मी नंतर लोकांना सांगितलं. ते खरं नव्हतं. मला भासऱ्यांना दाखवायचं होतं. ज्याला त्यांनी भंगार म्हटलं ते चालू करून त्यांच्या नाकासमोर ठेवायचं, एवढा एकच विचार होता. नवरा वावरात आणि मुलगी शाळेत गेली की मी अंगणात चटई टाकून बसायची.

कॅबिनेटचं झाकण उघडलं तर आत रुईचा बोळा. पंख्याच्या पात्यांना गुंडाळून घट्ट बसलेला. कोपऱ्यात पालीची दोन अंडी, वाळून खडखडीत झालेली. मी जुन्या दात घासायच्या ब्रशने आणि सायकलच्या पंपाने धूळ काढली. मोबाईलवर व्हिडिओ लावून, थांबवून, पुन्हा मागे नेऊन एकेक तुकडा ओळखत गेले. रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे दात पोरीच्या खोडरबराने घासले. मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल मेला होता. तो यवतमाळहून आणवला. सगळं जोडून बटण दाबलं तेव्हा पंखा खाकरला, एक बीप वाजली आणि पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मी एकटीच होते, तरी तोंडावर हात ठेवला.

जुनं विंडोज उघडत होतं, पण सुरुवातीलाच भासऱ्यांचं नाव आणि खाली पासवर्डची चौकट. म्हणजे मशीन माझी आणि कुलूप त्यांचं. मी त्यांना पासवर्ड मागायला जाणार नव्हते. तसंही ते विंडोज इतकं जुनं होतं की त्यावर आजची कोणतीच साइट उघडली नसती. व्हिडिओवाला सांगत होता की अशा जुन्या मशीनवर लिनक्सचा हलका प्रकार टाका, फुकट असतो, मराठीत मेनू दिसतो. गच्चीवर जिथे चांगली रेंज येते तिथे तीन दिवस उभं राहून मी तो मोबाईलवर उतरवला आणि मोबाईललाच पेनड्राइव्ह जोडून त्यावर चढवला. त्यात एक सोय होती. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहायचा, पसंत पडला तर मग कॉम्प्युटरमध्ये कायमचा टाकायचा. तोपर्यंत जुन्या डिस्कला धक्का लागत नाही.

सहाव्या प्रयत्नात तो चालू झाला. निळा पडदा, खाली छोटीशी पट्टी, आणि मेनूत "फाइल", "संपादन", "मदत" अशी मराठी अक्षरं. मला वडिलांची आठवण आली. ते गेले त्याला आता चार वर्षं झाली. मी थोडा वेळ नुसतीच बाण इकडून तिकडे फिरवत बसले. मग डाव्या बाजूला एका डिस्कचं चित्र दिसलं. ती जुनी डिस्क होती. मी दाबलं आणि ती सरळ उघडली. पासवर्ड नाही, काही नाही. भासऱ्यांचं कुलूप विंडोजच्या दारावर होतं. मी दुसऱ्याच दाराने आत आले होते.

सगळं तिथे होतं. क्लासच्या फीच्या पावत्या, पोरांचे फोटो, कोणाच्या लग्नपत्रिका. आणि "अर्ज" नावाचा एक फोल्डर. त्यात पन्नासेक फायली, बहुतेक लोकांच्या मागण्यांच्या: विहिरीसाठी, घरकुलासाठी, नाव दुरुस्तीसाठी. त्यातल्या तीन फायलींच्या नावात अंगणवाडी हा शब्द इंग्रजी अक्षरांत होता. एक, दोन आणि फायनल.

मी पहिली उघडली. सगळी इंग्रजी अक्षरं, कशाला काही अर्थ नाही, मधेच कंस, मधेच स्वल्पविराम. मला एका क्षणात कळलं की हे जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिलेलं आहे आणि तो फॉन्ट या नव्या सिस्टिमला माहीत नाही. पण त्या फॉन्टवरच मी टायपिंग शिकले होते. नेरच्या त्या खोलीत वर्षभर रोज दोन तास, कापडाने बोटं झाकून. मी पडद्यावरचं एकेक इंग्रजी अक्षर पाहिलं आणि चटईवर ठेवलेल्या माझ्या बोटांना ते मराठीत ऐकू आलं. डोळ्यांआधी बोटांनी वाचलं ते. पहिल्या ओळीत माझ्या गावाचं नाव होतं. दुसऱ्या ओळीत: "माझ्या लहान भावाची बायको".

मी बोटं थांबवली. उठून पाणी प्यायले. बैलांना कडबा टाकला, ते वेळेआधीच होतं, तरी टाकला. मग येऊन जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फोल्डरमधून तो फॉन्ट शोधून काढला, नव्या सिस्टिममध्ये टाकला आणि तिन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. आता त्या लख्ख मराठीत होत्या.

पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं: "माझ्या लहान भावाची बायको ही गावात राहत नसून बहुतेक दिवस नेरकडे माहेरी राहते. तिचे शिक्षणाचे कागद बोगस असल्याचा दाट संशय आहे. अशा महिलेस पद मिळाल्यास ती घरातील वडीलधाऱ्यांना जुमानणार नाही." दुसऱ्यात "माझ्या लहान भावाची बायको" काढून "आमच्या गावातील एक महिला" केलं होतं आणि वडीलधाऱ्यांचं वाक्य गाळलं होतं. फायनलमध्ये मी "सदर महिला" झाले होते. खाली सही: "आपला, एक जागरूक ग्रामस्थ". फाइलीची तारीख यादी लागल्याच्या तिसऱ्या दिवसाची.

माझ्याविरुद्धचा अर्ज माझ्याच कॉम्प्युटरवर टाइप झाला होता. माझ्या वडिलांनी दिलेल्या कीबोर्डावर. आणि त्या चार घरं पलीकडच्या बाईने काहीच केलं नव्हतं.

राग आला का, असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. राग मला दुकानात आला होता, तो गरम होता. हे थंड होतं. मी अतिशय नीट कामाला लागले. तिन्ही फायली दोन पेनड्राइव्हवर घेतल्या. एक कपाटात ठेवला, दुसरा तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी. मग लिनक्स कायमचा टाकला. संध्याकाळी नवरा आला तेव्हा मी भाकरी करत होते. कॉम्प्युटर चालू झाला, एवढंच त्याला सांगितलं.

"खरंच चालला?" तो खूश झाला. "दादाले सांगतो."

"सांग," मी म्हणाले.

मी वाट पाहू लागले. मला घाई नव्हती. मधल्या दिवसांत गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाच्या पोराचा प्रवेश. मोबाईलचं नेट जोडून मी फॉर्म भरून द्यायची, तारखा दोनदा वाचून दाखवायची. भासऱ्यांच्या दुकानाच्या बाकड्यावरची माणसं कमी व्हायला लागली, ते माझ्या कानावर येत होतं आणि मी ते चवीने ऐकत होते.

महिनाभराने ते स्वतः आले. हातात त्यांच्या काउंटरवरच्या मशीनची कॅबिनेट. तिच्यातल्या विंडोजचे अपडेट बंद झाले होते, नवं विंडोज ती मशीन घेत नव्हती, आणि चालू व्हायला एवढा वेळ लागायचा की गिऱ्हाईक उठून जायचं.

"तुह्यं ते डबडं म्हणे चालून राह्यलं," ते म्हणाले. "हिच्यातही तसंच काही टाकून दे. घरचं काम हाय."

"ठेवा दादा," मी म्हणाले. "परवा मीच दुकानात आणून देते. जोडूनही देते."

काम मी मन लावून केलं. त्यात खोट ठेवली असती तर माझीच मान खाली गेली असती. धूळ काढली, लिनक्स टाकला, मराठी फॉन्ट टाकले, प्रिंटरची सोय केली. मशीन पंधरा वर्षांनी तरुण झाल्यासारखी पळू लागली. शेवटी ते तिन्ही मसुदे एकाशेजारी एक मांडून त्याचं एक मोठं चित्र केलं, अक्षरं लांबून वाचता येतील एवढी ठळक. आणि ते चित्र त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्याची पार्श्वभूमी म्हणून लावलं. चालू केलं की पहिलं तेच दिसणार.

बाजाराचा दिवस निवडला. सकाळी अकराला दुकान भरलेलं असतं. मी कॅबिनेट काउंटरवर ठेवली, वायरी जोडल्या आणि मॉनिटर थोडा बाकड्याकडे वळवला. "इकडे प्रकाश पडते, दादा," म्हणाले. बटण दाबलं. ते चष्मा पुसत होते.

चित्र उघडलं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एका पोराने मोठ्याने वाचलं, "माझ्या लहान भावाची बायको ही गावात राहत नसून..." आणि थांबला. बाकीचे पुढे झाले. आमच्या गावचे तिघे होते, त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. एक म्हातारा मागून विचारत होता, "काय लिवलं हाय? मले कोणी सांगा ना."

"दादा, तुम्हीच वाचून दाखवा," मी म्हणाले. "तुमचंच लिखाण हाय."

त्यांनी चष्मा लावला. मी त्यांचा चेहरा पाहत होते, एक क्षणही डोळे हलवले नाहीत. आधी त्यांना कळलं नाही, मग कळलं. "हे माह्यं नाही," ते म्हणाले. "क्लासात धा पोरं टाइप करत होते. कोणीही लिवलं असन."

"धा पोरांपैकी कोणाच्या लहान भावाची बायको होती मी?"

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं कोणीतरी हसेल, मला ते हवं होतं. ते माऊस हलवू लागले, चित्र जाईना. नव्या मेनूत कुठे काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. या बटणावर, त्या बटणावर, एकेक खिडकी उघडायची आणि बंद केली की मागे पुन्हा तोच अर्ज. शेवटी त्यांनी भिंतीतली वायर ओढली. पडदा काळा झाला. मी पिशवी उचलली. "फॉर्म भरताना जन्मतारीख पाहून टाकत जा," म्हणाले, आणि निघाले.

बसस्टँडपर्यंत चालताना माझे पाय हलके होते. मी एक उसाचा रस घेतला. इतका गोड रस मी पुन्हा प्यायले नाही.

संध्याकाळी नवरा मान खाली घालून आला. त्याला गावात शिरतानाच कळलं होतं. "असं चारचौघांत करायचं नव्हतं वं," तो म्हणाला. "घरात बोलली असती. त्याची इज्जत गेली."

"आन् माही गेली तेव्हा?"

तो चप्पल काढत राहिला, जी आधीच काढून झाली होती. मी त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"माहीत नव्हतं," तो म्हणाला. मग चप्पल भिंतीशी सरकवत, "अंदाज होता."

"केव्हापासून?"

"तवाच. तो एकदा बोलता बोलता बोलून गेलता का बाईमाणसानं घरातच बरं दिसते म्हणून. मी इचारलं नाही."

आठ वर्षं. मी त्या बाईच्या दारावरून तोंड फिरवून जात होते, हा पाहत होता. माझी पोर दारात उभी राहून दुसऱ्यांची गाणी ऐकत होती, हा तेही पाहत होता. त्या दिवसापासून पुढचे तीन महिने मी त्याला ताट वाढून दिलं नाही. भाकरी, भाजी करून ठेवायची, त्याने घ्यायचं. तो निमूट घ्यायचा. भांडलाही नाही, आणि त्याचा मला जास्त राग यायचा.

दुसऱ्या दिवशी मी त्या अर्जाची छापील प्रत घेऊन चार घरं पलीकडे गेले. ती ओसरीत तूर निवडत होती. मी आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्या उंबऱ्यात उभी होते. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, त्यातलं काही आठवलं नाही. कागद पुढे केला. तिने तो घेतला, पूर्ण वाचला, घडी घालून मला परत दिला.

"मले वाटलं तू केला अर्ज," मी म्हणाले.

"मले माहीत हाय तुले काय वाटलं ते. साऱ्या गावाले माहीत हाय."

"माही चुकी झाली."

"माह्या बापाच्या मातीले तू आली नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "लेकराले अंगणवाडीत नाही धाडलं. मी दर साली तिचं नाव रजिस्टरात लिवत होती का यंदा येईन. आता तू कागद घेऊन आली. मी काय करू या कागदाचं?"

तिने चहा विचारला नाही. मी परत आले. बदला घ्यायला निघालेल्या माणसाला वाटतं की देणारा तो एकटाच. त्या ओसरीतून बाहेर पडताना मला पहिल्यांदा घेणारीच्या जागी उभं राहावं लागलं, आणि तिने जे दिलं ते मला पुरेपूर लागलं. पण तिच्याबद्दल वाईट वाटलं म्हणून भासऱ्यांचं देणं कमी झालं असं नाही. उलट तेही मी त्यांच्याच नावावर टाकलं.

पुढे जे झालं ते माझ्या हातात नव्हतं. दुकानातल्या कोणीतरी पडद्याचा फोटो काढला होता. तो गावाच्या ग्रुपवर आला, तिथून नातेवाइकांत गेला. भासऱ्यांनी दोन दिवसांत यवतमाळहून माणूस आणून ते चित्र काढून घेतलं, पण लोकांच्या मोबाईलमधला फोटो कोण पुसणार. दुकान बंद पडलं नाही. लोकांना फॉर्म भरायचेच असतात. पण ते आता कोणाला बाकड्यावर बसवून ठेवत नाहीत आणि कोणाच्या डोक्याबद्दल बोलत नाहीत. गल्लीत मी समोरून आले की तेच बाजूला होतात.

मला फोन आला तो त्यांच्या मुलीचा. ती अमरावतीला कॉलेजात आहे. लहानपणी अर्धा दिवस आमच्याकडेच असायची, तिच्या वेण्या मीच घालायची. तिला तो फोटो होस्टेलवर कोणीतरी दाखवला होता. रडत नव्हती, पण आवाज जड होता.

"काकू, मले पहिले सांगतलं असतं तं मी बाबाले इचारलं असतं. तू माह्या मैत्रिणींसमोर माह्या बापाले..."

तिचा विचार मी केलाच नव्हता. चित्र मांडताना, अक्षरं ठळक करताना, एकदाही नाही. हे एक मला आजही बोचतं.

होळीच्या सुट्टीत ती आली. दोन दिवस आमच्या बाजूला फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आली आणि कॉम्प्युटरसमोर बसली. "दाखव मले," म्हणाली. मी तिन्ही मसुदे उघडून दिले. तिने सावकाश वाचले. वडीलधाऱ्यांच्या वाक्यावर आली तेव्हा ओठ दाबून धरले. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला, पण कान तिकडेच होते. ती माझ्या मागे आली.

"बाबाले सांगतलं मी. माफी माग म्हटलं काकूची. ते उठून बाहेर गेले."

"ते नाही मागणार."

"हो." तिने बाहेर कॉम्प्युटरकडे बोट केलं. "काकू, आता तरी हे पुसून टाकू का आपण? तुह्यं काम तं झालं ना?"

तिचा चेहरा पाहून मला हो म्हणावंसं वाटलं. तिने मागितलं असतं ते दुसरं काहीही मी दिलं असतं.

"नाही," मी म्हणाले. "ते राहू दे."

तिने मान हलवली. पटलं म्हणून नाही, ऐकलं म्हणून. चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि पलीकडे आपल्या घरात गेली. मी कॉम्प्युटरजवळ येऊन बसले. ओसरीत दोन बायका रेशन कार्डाचे कागद घेऊन बसल्या होत्या. मी फायली बंद केल्या आणि पहिलीला विचारलं, "तुमची जन्मतारीख सांगा, मावशी. सावकाश सांगा."